गड्ड्याच्या सुट्टीतले स्थलांतर: सोलापुरातील एका संस्थेचे मूडल ३.९ वरून ४.५ वर

पार्श्वभूमी

सोलापूर शहरालगतची ही एक स्वायत्त, बहुशाखीय उच्चशिक्षण संस्था. ओळख पटू नये म्हणून विद्यार्थीसंख्या, साठ्याचे आकडे आणि विभागांचे काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय तसेच ठेवले आहेत.

विद्यार्थी साधारण साडेपाच हजार. त्यातले निम्म्याहून अधिक बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, माढा या भागांतून येणारे. घरी संगणक असलेली मुले थोडीच; बहुतेकांचा अभ्यास, गृहपाठ जमा करणे आणि ऑनलाइन चाचणी हे सगळे अँड्रॉइड फोनवर आणि मोबाइल डेटावर चालते. ही एक गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवावी लागेल.

ऑनलाइन अध्यापनाची व्यवस्था दोन भागांत होती. थेट तास आणि ईमेल गूगल वर्कस्पेसवर. अभ्याससाहित्य, गृहपाठ, चाचण्या आणि अंतर्गत गुणांची नोंद मूडलवर, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या मोफत शिक्षण-प्रणालीवर. मूडलची उभारणी २०२० च्या टाळेबंदीत घाईने झाली होती. सर्व्हर संस्थेच्याच आवारात, उबंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर, त्यासोबत येणारी पीएचपी ७.२ ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस, आणि त्या वर्षी जूनमध्ये आलेले मूडल ३.९. त्या वेळी ही निवड योग्यच होती, कारण ३.९ ही दीर्घ मुदतीच्या पाठबळाची आवृत्ती होती. पुढची चार वर्षे मात्र तिला कोणी हात लावला नाही. स्वायत्त संस्थेत अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदींना फार महत्त्व असते, आणि सुरळीत चाललेली गोष्ट बिघडवायला कोणी धजावत नव्हते.

नेमकी अडचण

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका चाचणीच्या वेळी विद्यार्थ्यांना फाइल चढवता येईना. मजकुराची उत्तरे जमा होत होती, पण उत्तरपत्रिकेचे फोटो अडकत होते. डिस्क भरली होती. मूडलच्या डेटा फोल्डरने सुमारे ६४० जीबी जागा घेतली होती आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा अभ्यासक्रमांच्या स्वयंचलित बॅकअपचा होता. हे बॅकअप वेगळ्या ठिकाणी पाठवायची सेटिंग बदलली नाही, तर ते त्याच डेटा फोल्डरात साठत राहतात. म्हणजे जागा जाते आणि डिस्क गेली तर बॅकअपही तिच्यासोबतच जातो. जुने बॅकअप पुसून त्या दिवसापुरती सुटका झाली.

डिस्कच्या निमित्ताने संगणक केंद्राने पूर्ण तपासणी केली, तेव्हा खरे चित्र पुढे आले. चारही थर पाठबळाच्या मुदतीबाहेर गेले होते: पीएचपी ७.२ नोव्हेंबर २०२० मध्ये, उबंटू १८.०४ मे २०२३ मध्ये, मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि मूडल ३.९ डिसेंबर २०२३ मध्ये. विद्यार्थ्यांचे गुण, मोबाइल क्रमांक आणि जन्मतारखा असलेला सर्व्हर सुरक्षा दुरुस्त्यांविना थेट इंटरनेटवर उघडा होता.

आणि थेट उडी मारण्याची सोय नव्हती. मूडल ४.५ ला आधीची आवृत्ती किमान ४.१.२ लागते आणि पीएचपी किमान ८.१. मूडल ३.९ चालते पीएचपी ७.२ ते ७.४ वर. दोघांना एकत्र सामावणारी पीएचपी आवृत्तीच नाही. मध्ये ४.१ चा मुक्काम घ्यावाच लागतो, कारण ४.१ ला पीएचपी ७.४ चालते आणि ते ३.९ वरून थेट गाठता येते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: आहे तसेच ठेवून साइट फक्त आवारातील नेटवर्कवर उघडी ठेवणे. सुरक्षेचा प्रश्न बराच सुटला असता, पण मंगळवेढ्याच्या मुलीने रात्री नऊला गृहपाठ कुठून जमा करायचा? हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला पडला.

दुसरा पर्याय गूगल क्लासरूमचा, आणि त्यावर गंभीर चर्चा झाली. वर्कस्पेस आधीपासून होतेच, शिक्षकांना हात बसलेला, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. अडले ते प्रश्नपेढीपाशी. चार वर्षांत विभागांनी जमवलेले हजारो प्रश्न, त्यांतून प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे प्रश्न काढणारी चाचणी आणि वर्गवार गुणपत्रक या गोष्टी क्लासरूममध्ये त्या रूपात नेता आल्या नसत्या. शिवाय गूगलने शिक्षणसंस्थांसाठी अमर्याद साठा बंद करून संस्थेमागे १०० टीबीची सामायिक मर्यादा घातली आहे. संस्थेचा वापर त्या मर्यादेपासून दूर होता, पण बाहेरच्या सेवेच्या अटी मध्येच बदलू शकतात हे त्यातून दिसले होते.

तिसरा, बाहेरच्या पुरवठादाराकडे मूडल सोपवणे. तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हते. पण निविदा, मंजुरी आणि करार यांत पुढचे सत्र उजाडले असते, आणि उघडा सर्व्हर तोवर तसाच राहिला असता.

चौथा, आहे त्याच सर्व्हरवर अपग्रेड. सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत धोक्याचा. मध्येच काही फसले तर मागे फिरायला चालती साइटच उरत नाही.

पाचवा, आणि अखेर निवडलेला: जुना सर्व्हर न हलवता बाजूला नवा उभा करायचा, त्यावर प्रत आणून दोन टप्प्यांत अपग्रेड करायचे, आणि सगळे ठीक दिसल्यावरच पत्ता वळवायचा. संस्थेकडे प्रयोगशाळेसाठी घेतलेला ३२ जीबी मेमरीचा एक सर्व्हर होता. त्यात दोन नव्या एसएसडी टाकल्या एवढाच मोठा खर्च.

निर्णयाची पहिली जागा: ४.१ वर थांबायचे की पुढे जायचे

मधला मुक्काम म्हणजे ४.१. तीही दीर्घ मुदतीची आवृत्ती, आणि तिथेच थांबावे असा आग्रह काही शिक्षकांचा होता; एकदम मोठा बदल नको म्हणून. पण ४.१ च्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०२५ पर्यंतच मिळणार होत्या. म्हणजे एवढी उठाठेव करून वर्षभराने पुन्हा तेच. ४.५ ला ऑक्टोबर २०२७ पर्यंत पाठबळ आहे. शिवाय पडद्याची ठेवण, मेनू आणि प्रश्नपेढीची रचना यांतला मोठा बदल ४.० मध्येच झाला आहे, ४.१ वर थांबून शिक्षकांची त्यातून सुटका होणार नव्हती. दोन्ही टप्पे एकाच सुट्टीत उरकायचे ठरले. हा निर्णय योग्य होता.

दुसरी जागा: कधी

दिवाळी अगदी तोंडावर आली होती आणि लगेच हिवाळी परीक्षा. उन्हाळी सुट्टी मोठी असते, पण मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, सर्व्हर खोलीतील एसीवर ताण येतो आणि वीज जाण्याचे प्रमाण वाढते. डेटाबेसची रचना बदलत असताना वीज जाणे परवडणारे नसते. यूपीएसवर अर्धा तास निघतो. काम तासन्‌तास चालते.

म्हणून जानेवारी २०२५ मधली गड्डा यात्रेची (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेची) सुट्टी निवडली. त्या वर्षी दुसरा शनिवार ११ तारखेला, मग रविवार, आणि लगेच भोगी, संक्रांत, किंक्रांत. सलग पाच दिवस. बाहेरगावची मुले घरी, शहरातली यात्रेत. हवा थंड, विजेचा भरवसा त्या मानाने बरा. किंक्रांतीला नवे काम सुरू करू नये, असे काही सहकाऱ्यांनी सांगितले. साइट खुली करण्यासाठी गुरुवारची सकाळ ठरली असल्याने तोही प्रश्न उरला नाही, आणि किंक्रांतीचा दिवस तपासणीला राखून ठेवता आला.

रंगीत तालीम

डिसेंबरमध्ये पूर्ण प्रतीवर तालीम घेतली. प्रत उभी करताना सर्वांत आधी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी: कॉन्फिग फाइलमध्ये बाहेर जाणारे सगळे ईमेल बंद करणारी ओळ टाकली. प्रतीवर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारा प्रोग्राम) सुरू झाला, की ती प्रत स्वतःला खरी साइट समजून साडेपाच हजार मुलांना स्मरणपत्रे पाठवू लागते.

मार्ग असा ठरला. जुन्या सर्व्हरवरून डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदी उतरवलेली फाइल. तो उबंटू २०.०४ वरील मायएसक्यूएल ८.० मध्ये भरायचा. तिथे सोबत येणाऱ्या पीएचपी ७.४ वर मूडल ४.१. त्यानंतर उबंटू २२.०४ वर, जिथे पीएचपी ८.१ मिळते, मूडल ४.५. उबंटू २०.०४ हा फक्त पायरीपुरता आभासी सर्व्हर. काम झाले की बंद.

पहिल्याच भरणीत मराठी मजकुराच्या जागी रोमन लिपीतल्या खुणांच्या रांगा दिसू लागल्या. डंप काढणारी स्क्रिप्ट जुनी होती आणि तिच्यात जोडणीचा कॅरेक्टर सेट लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरता) असा लिहिलेला होता. त्यामुळे देवनागरीचा प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा एन्कोड झाला. नजरेने सगळ्या नोंदी तपासणे अशक्य, पण मोजून ओळखता येते. ‘सोलापूर’ हा शब्द काना-मात्रा-ऊकार धरून सात चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) एकवीस बाइटांचा, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. डेटाबेसला अक्षरसंख्या विचारल्यावर सात आली तर नोंद शाबूत. एकवीस आली तर दुहेरी एन्कोडिंग झाले आहे. डंप काढताना आणि भरताना दोन्हीकडे यूटीएफ-८ चा चार-बाइटी प्रकार स्पष्ट लिहिल्यावर प्रश्न मिटला. मग मूडलसोबत येणाऱ्या आदेशाने सगळ्या तक्त्यांचे कोलेशन (अक्षरे साठवण्या-जुळवण्याची पद्धत) चार-बाइटी करून घेतले. जुन्या तीन-बाइटी प्रकारात मराठी नीट राहते. इमोजी मात्र मावत नाही, आणि आजच्या मुलांचे चर्चापटावरचे उत्तर इमोजीवाचून क्वचितच असते.

दुसरी अडचण वेळेची. ४.० पासून प्रश्नपेढीची रचना बदलली. प्रत्येक प्रश्नाला आवृत्त्या आल्या आणि जुना एक तक्ता अनेक तक्त्यांत विभागला गेला. प्रश्न जास्त असले की अपग्रेडची ही पायरी लांबते. इथे एकट्या तिने दीड तासाहून अधिक घेतला, आणि पडद्यावर त्या वेळात काहीच हलत नाही. आधी माहीत नसते तर कोणीतरी अडकले समजून प्रक्रिया मध्येच तोडली असती. तालमीत मोजलेली प्रत्येक पायरीची वेळ कागदावर उतरवून सर्व्हर खोलीत चिकटवली होती, ती याच कामी आली.

पीएचपी ८ वर मूडल एका फॉर्ममधून येणाऱ्या चलांची मर्यादा किमान ५००० मागते. पीएचपीची मूळ मर्यादा १००० आहे. ही अट जाचक वाटते, पण मोठ्या वर्गाचे गुणपत्रक एका वेळी जतन करताना हजारापुढचे रकाने गुपचूप गळतात, म्हणून ती आहे. त्याखेरीज उपस्थितीचे प्लगइन नव्या आवृत्तीसह घेतले, आणि २०२० मध्ये बसवलेली, पुढे कोणी न सांभाळलेली थीम सोडून मूडलची मूळ बूस्ट थीम घेतली.

लॉगचा तक्ता फार फुगला होता. तो सरसकट रिकामा करण्याचा मोह होता. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस राखून ठेवण्याची अट आहे, आणि गुणांबाबत तक्रार आली तर संस्थेलाही त्या नोंदी लागतात. गेल्या दोन सत्रांचे लॉग ठेवले, बाकीचे वेगळ्या फाइलीत काढून कुलूपबंद केले.

शेवटी वेगवेगळ्या विभागांच्या पंचवीस शिक्षकांना प्रतीवर बोलावून आपापले अभ्यासक्रम तपासायला सांगितले. त्यांनी मनापासून तपासले, पण संगणक केंद्राच्या प्रयोगशाळेत किंवा विभागातल्या संगणकावर बसून.

प्रत्यक्ष काम

फाइलींचे स्थलांतर चार दिवस आधीच सुरू झाले होते. मूडल प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशच्या नावाने ठेवते. एकदा ठेवलेली फाइल बदलत नाही. नव्या तेवढ्या भर पडतात. म्हणून साइट चालू असतानाच आरसिंकची (फक्त नव्या-बदललेल्या फाइली उचलणाऱ्या साधनाची) पहिली फेरी निर्धास्त घेता येते. कॅशे, तात्पुरत्या फाइली आणि लॉगिन-सत्रांची फोल्डरे वगळली. शनिवारी सकाळी सहाला साइट देखभाल अवस्थेत टाकून दुसरी फेरी घेतली, ती वीस मिनिटांत संपली.

मग डंप, भरणी, अक्षरमोजणीची चाचणी, ४.१, कोलेशन, पुन्हा डंप, २२.०४ वर भरणी, ४.५. प्रत्येक टप्प्यानंतर आभासी सर्व्हरची प्रतिमा जपून ठेवली. शनिवार रात्र आणि रविवार दुपार एवढ्यात मुख्य काम संपले. सोमवारी आणि मंगळवारी प्लगइन, क्रॉन दर मिनिटाला चालू, कॅशे आणि लॉगिन-सत्रे रेडिसवर (मेमरीत चालणाऱ्या जलद साठ्यावर), स्वयंचलित बॅकअप दुसऱ्या यंत्रावर. जुन्या सर्व्हरवरचा क्रॉन बंद केल्याची खात्री दोन जणांनी स्वतंत्रपणे केली.

तोवर सगळे वेळापत्रकापेक्षा पुढे चालले होते.

खुले झाल्यावर

गुरुवारी पहिल्या तासाभरात तक्रारी येऊ लागल्या, आणि सगळ्या फोनवरून: मूडलच्या ॲपमध्ये साइट जोडलीच जात नव्हती. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये मात्र ती उघडत होती. नव्या वेब सर्व्हरला फक्त साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारी फाइल) दिले गेले होते, मधल्या प्रमाणपत्रांची साखळी नव्हती. बरेच ब्राउझर ही उणीव स्वतः भरून काढतात. ॲप तसे करत नाही. पूर्ण साखळीची फाइल लावल्यावर पाच मिनिटांत काम झाले. पण तोवर सकाळचा पहिला तास गेला होता.

साइट सुरू झाल्याची सूचना एका वर्कस्पेस खात्यातून पाठवली जात होती. त्या खात्याची दिवसाची मर्यादा २००० ईमेलची. त्यापुढचे अडकले आणि निम्म्याहून अधिक मुलांना सूचना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळाली. पुढे वर्कस्पेसची एसएमटीपी रिले सेवा लावली.

शुक्रवारी मराठी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सराव चाचणी उघडली आणि प्रश्नांच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे दिसली. पहिली शंका साहजिकच पुन्हा एन्कोडिंगची. पण अक्षरमोजणीत नोंदी शाबूत निघाल्या. खरे कारण वेगळे होते. हे प्रश्न बिगर-युनिकोड मराठी फाँटमध्ये टंकलेले होते. म्हणजे डेटाबेसमध्ये मुळातच रोमन अक्षरे होती, आणि विशिष्ट फाँट लावल्यावरच ती देवनागरी दिसायची. तो फाँट विद्यार्थ्याच्या फोनपर्यंत पोहोचवणाऱ्या दोन ओळी जुन्या थीमच्या सीएसएसमध्ये कोणीतरी २०२० मध्ये घातल्या होत्या. थीम गेली, ओळी गेल्या. मग डिसेंबरच्या तपासणीत शिक्षकांना हे का दिसले नाही? त्यांच्या संगणकांवर तोच फाँट कायमचा बसवलेला आहे. त्यांना प्रश्न अगदी स्वच्छ मराठीत दिसले, आणि त्यांनी प्रामाणिकपणे ‘ठीक’ असा शेरा दिला.

तातडीचा उपाय म्हणून त्या दोन ओळी बूस्टच्या सेटिंगमध्ये परत घातल्या. कायमचा उपाय म्हणजे प्रश्नांचे युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरकातून मजकूर काढला तरी पहिली वेलांटी आणि रफार हमखास हलतात, म्हणून प्रत्येक प्रश्न डोळ्यांखालून घालावा लागतो. दोन्ही विभागांनी हे काम सत्रभर वाटून घेतले.

तिसरी जागा: चाचणी थांबवायची की वाढवायची

खरी कसोटी दहा दिवसांनी लागली. तीन विभागांच्या चाचण्या एकाच वेळी, सकाळी ११ वाजता, सुमारे २४० विद्यार्थी. ११ वाजून २ मिनिटांनी साइट गोठली. सर्व्हरचा प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, आणि तरी पान उघडत नाही.

पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये कारण लिहिलेले होते: एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा गाठली, मर्यादा ५. उबंटूवर ही मूळ सेटिंग पाचच असते. जुन्या सर्व्हरवर पीएचपी अपाची या वेब सर्व्हरच्या आत चालत असे आणि तिथे मूळ मर्यादा १५० होती. त्यामुळे हा आकडा कधी कोणाच्या नजरेस पडला नव्हता. २४० मुले पाच खिडक्यांपुढे रांगेत उभी होती.

परीक्षा नियंत्रकांपुढे दोन मार्ग होते: चाचणी रद्द करून पुन्हा घेणे, किंवा दुरुस्ती करून वेळ वाढवून देणे. प्रणाली प्रशासकाने तीन गोष्टी सांगितल्या. सुरू झालेल्या प्रयत्नांतली उत्तरे मूडल साधारण दर मिनिटाला आपोआप जतन करते. सेटिंग बदलून एफपीएम पुन्हा वाचायला लावले तर डेटाबेसला धक्का लागत नाही. आणि वेळ वाढवायची तर ती चाचणीच्या मूळ सेटिंगमध्ये न बदलता गटनिहाय सवलत म्हणून द्यावी, म्हणजे कोणाला किती वेळ दिला याची नोंद राहते. त्यावर निर्णय झाला: ज्या दोन विभागांत बहुतेकांची चाचणी उघडली होती त्यांना ३० मिनिटे वाढीव, तिसऱ्या विभागात उघडलेलीच नव्हती, तिथे दुसऱ्या दिवशी. या सगळ्यात पंधरा मिनिटे गेली. वर्गावरच्या शिक्षकांना काय सांगायचे हे आधी ठरलेले नसल्याने त्यातला बराच वेळ फोनाफोनीत गेला.

नवी मर्यादा अंदाजाने न ठरवता मोजून ठरवली. एक पीएचपी प्रक्रिया सरासरी ७० ते ८० एमबी घेत होती. ३२ जीबीतून मायएसक्यूएलच्या बफर पूलला (डेटा मेमरीत धरून ठेवण्याच्या जागेला) १२ (मूळ सेटिंग फक्त १२८ एमबीची असते, तीही तेव्हाच बदलली), रेडिसला १, ऑपरेटिंग सिस्टिमला ४ सोडले की १५ जीबी उरतात. त्यात १८० च्या वर प्रक्रिया बसतात. तरी १२० च ठेवल्या, कारण मायएसक्यूएलच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे आणि क्रॉन व प्रशासकाच्या कामाला जागा राहायला हवी. शिवाय एकाच वेळी सुरू होणाऱ्या चाचण्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवायचा नियम परीक्षा विभागाने केला.

निष्पत्ती

मे महिन्यापर्यंतच्या सगळ्या अंतर्गत चाचण्या नव्या साइटवर झाल्या. गोठण्याची घटना पुन्हा घडली नाही. एकही गुण, एकही जमा केलेला गृहपाठ गहाळ झाला नाही. जुना सर्व्हर नेटवर्कपासून तोडून सत्र संपेपर्यंत तसाच ठेवला होता. त्याच्याकडे परत जावे लागले नाही.

दोन प्रश्न सुटायचे राहिले, आणि दोन्ही मराठीचे आहेत.

पहिला लघुउत्तरी प्रश्नांचा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो: काही कळफलक त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र चिन्ह म्हणून देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असे लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच. मूडलच्या तुलनेत मात्र ते वेगळे ठरतात आणि बरोबर उत्तराला शून्य गुण मिळतात. सध्या अशा शब्दांची दोन्ही रूपे उत्तरसूचीत घालायची किंवा तिथे बहुपर्यायी प्रश्न वापरायचा, असा तोडगा आहे. शिक्षकाने तो दर वेळी आठवणीने करावा लागतो, हे बरोबर नाही.

दुसरा प्रमाणपत्रांचा. मूडल ज्या साधनाने पीडीएफ बनवते ते देवनागरीची जोडाक्षरे नीट जोडत नाही. ‘क्षितिज’सारख्या नावात वेलांटी भलत्या जागी बसते. मुलाला त्याच्याच नावाचे मोडके प्रमाणपत्र देण्यापेक्षा संस्थेने यादी बाहेर काढून लिबरऑफिसच्या मेल मर्जमधून प्रमाणपत्रे करायला घेतली. वेळ लागतो, पण नाव नीट छापले जाते.

वेगळे काय करता आले असते

ॲप, फाँट आणि गोठलेली चाचणी या तिन्ही बिघाडांचे मूळ एकच. तपासणी शिक्षकांच्या संगणकांवर, आवारातील नेटवर्कवर, पंचवीस जणांनी केली. वापर विद्यार्थ्यांच्या फोनवर, मोबाइल डेटावर, शेकड्यांनी होतो. डेटाबेस आणि आवृत्त्यांची तालीम काटेकोर झाली म्हणूनच सुट्टीतले काम बिनबोभाट पार पडले. तोच काटेकोरपणा वापराच्या तालमीत नव्हता. डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या तालुक्यांतल्या वीस-तीस विद्यार्थ्यांना त्यांच्याच फोनवरून, घरून, प्रतीवर एक चाचणी द्यायला सांगितली असती, तर ॲप आणि फाँट दोन्ही तिथेच सापडले असते.

गर्दीची चाचणी माणसांनी करणे कठीण, पण त्यासाठी जेमीटरसारखे मोफत साधन आहे, आणि चाचणी-अभ्यासक्रम तयार करून त्याच्यासाठी आराखडा काढून देण्याची सोय मूडलमध्येच आहे. अर्ध्या दिवसाचे काम. पाचची मर्यादा पहिल्या मिनिटाला उघडी पडली असती.

थीम बदलण्याआधी जुन्या थीमच्या सेटिंगमधला प्रत्येक जादा तुकडा वाचून तो कशासाठी आहे हे लिहून काढायला हवे होते. घाईच्या काळात घातलेल्या अशा ओळींची नोंद कुठेच नसते, आणि घालणारी व्यक्ती बहुधा दुसऱ्या नोकरीत गेलेली असते.

चाचणी कोलमडली तर कोणी काय ठरवायचे, याचे एक पान आता परीक्षा विभागाकडे आहे: किती मिनिटे वाट पाहायची, वाढीव वेळ कोण मंजूर करणार, वर्गावरच्या शिक्षकाने मुलांना काय सांगायचे. पहिल्या ओळीत लिहिले आहे की विद्यार्थ्याने पान बंद करू नये आणि शिक्षकाने कोणालाही प्रयत्न संपवायला सांगू नये. हे पान साइट खुली करण्याआधी तयार असायला हवे होते.

पुढच्या देखभालीसाठी प्रणाली प्रशासकाला दर दोन महिन्यांनी एका रविवारची सकाळ अधिकृतपणे मिळाली आहे. मूडलच्या किरकोळ दुरुस्ती-आवृत्त्या साधारण तेवढ्याच अंतराने येतात. त्या वेळेवर बसवल्या जातात, आणि बसवण्याआधी साइट एकदा साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, उघडून पाहिली जाते.